दिलेला कढीपत्ता

मित्रांनो, तुमच्यापैकी निम्म्यांनी मला आज सकाळीच ताटाच्या कडेला काढून ठेवलं असेल. पोह्यांतून म्हणा, आमटीतून म्हणा. मला राग नाही. आमच्या जातीचं नशीबच तसं आहे. फोडणीत पहिली उडी आमची, घरभर वास आमचा, आणि घास तोंडात जायची वेळ आली की बाजूला व्हायचं तेही आम्हीच. एखाद्याकडून काम करून घेऊन त्याला विसरलं, की माणसं म्हणतात, कढीपत्त्यासारखं बाजूला काढलं. तेव्हा आमच्या जातीची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. मी फक्त माझी स्वतःची तेवढी सांगतो.

मी एक जुना कढीपत्ता, मुक्काम ईडन प्रेरी, राज्य मिनेसोटा, देश अमेरिका. माझ्यासारख्याने राहावं असं हे गाव नाही. वर्षातले पाच महिने बाहेर बर्फ असतं. त्या दिवसांत कुणी दार उघडं टाकलं तरी माझी पानं काळी पडतात. उन्हाळा येतो तो पाहुण्यासारखा, चहा घेतला न घेतला तोच उठतो. तरी मी जगलो. ज्या बाईमुळे जगलो तिचं नाव सुवर्णा, आणि ही गोष्ट माझी जेवढी, तेवढीच तिची आहे.

माझा जन्म मात्र इथला नाही. मी नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरी गावचा. तिथे एका काकूंच्या गॅरेजसमोर भल्यामोठ्या कुंडीत माझी आई उभी होती. तिच्या मुळाशी दर उन्हाळ्यात फुटवे यायचे. काकू ते हलक्या हाताने वेगळे करून दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावायच्या. गावात नवीन मराठी कुटुंब आलं, की त्यांना एक डबा मिळायचा. तसा मी सुवर्णाला मिळालो. ती पुण्याहून नुकतीच आली होती. पुण्यात ती शाळेत विज्ञान शिकवायची. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे तिला नोकरीची परवानगी नव्हती. नवरा राजेश दिवसभर ऑफिसात, तीन वर्षांची मुलगी आश्लेषा दुपारची झोपलेली, आणि सुवर्णा खिडकीशी माझा डबा घेऊन बसलेली. मला तेव्हा दोनच डहाळ्या होत्या. ती माझ्याशी बोलायची. वर्गभर मुलांसमोर बोलायची सवय असलेल्या बाईला कुणीतरी ऐकणारं हवं होतं, आणि मला तर कुठे जायचंच नव्हतं.

पुढे राजेशचं काम मिनेसोटात गेलं. सामान ट्रकमधून निघालं, मी मात्र गाडीतून. मागच्या सीटवर आश्लेषाच्या दोन पायांमध्ये माझी कुंडी होती. वाटेत मोटेलमध्ये मुक्काम केला तेव्हा सुवर्णा मला उचलून खोलीत घेऊन गेली.

राजेश म्हणाला, "अगं, एक रोप तर आहे. तिकडे दुसरं मिळेल."

"दुसरं मिळेल," ती म्हणाली, "हे नाही मिळणार."

मी तेव्हा लहान होतो. मला हे ऐकून फार बरं वाटलं. कुणाला आपण नक्की हवे आहोत, हे एकदा कानावर पडलं की त्यावर बरेच हिवाळे निघतात.

आणि ते निघाले. सुवर्णाने मला जगवलं ते शास्त्र आणि माया यांच्या सारख्या मापाने. थंडीची चाहूल लागली की मला आत घ्यायची. घ्यायच्या आधी एकेक पान उलटून बघायची, खाली चिकट किडे दिसले तर साबणाच्या पाण्याने पुसायची. दक्षिणेच्या खिडकीशी माझी जागा ठरलेली. हिवाळ्यात पाणी अगदी बेताने, कारण तेव्हा आम्ही झोपेत असतो आणि झोपलेल्याला कुणी जेवायला घालत नाही. मे महिना सरताना मला बाहेर डेकवर न्यायची, तेही एकदम उन्हात नाही, आधी सावलीत. मग आंबट ताक पाण्यात कालवून घालायची. ताकावर मी जो वाढलो, तो तिच्या खांद्यापर्यंत आलो.

ते माझे मानाचे दिवस. गणपतीत घरोघरी डबे जायचे तेव्हा बायका आधी माझ्याकडे यायच्या. "सुवर्णा, चार काड्या तोड ना." दुकानातला कढीपत्ता महाग आणि वर सुकलेला. सुवर्णा पिशव्या भरभरून द्यायची. आश्लेषाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझ्यावर तक्ता केला होता. त्यात माझं चित्र मला मुळीच पटलं नाही, पण तिच्या बाईंनी तक्त्याला निळी फीत लावली आणि ती फीत बरीच वर्षं माझ्या कुंडीला बांधलेली होती. मित्रांनो, कौतुक कुणाला नको असतं? मी त्या वर्षी भराभर फुटलो.

माझ्या खिडकीशेजारीच जेवणाचं टेबल होतं. तिथे राजेश दर महिन्याला लॅपटॉप उघडून बसायचा. या देशात कायम राहायची मुभा म्हणजे ग्रीन कार्ड. हे नाव ऐकून आधी मला वाटलं, आमच्याच कुळातलं काहीतरी असणार. पण हे झाड फारच सावकाश वाढणारं निघालं. सरकार दर महिन्याला एक तारीख जाहीर करायचं. त्या तारखेच्या आधी ज्यांचा अर्ज गेला, त्यांचा नंबर लागायचा. ती तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकायची, कधी वर्षभर मागे जायची. राजेश लॅपटॉप मिटायचा आणि म्हणायचा, "पुढच्या महिन्यात बघू."

रविवारी फोनच्या स्पीकरवर नीलाताई यायची. ही सुवर्णाची थोरली मावसबहीण. वीस वर्षं इंग्लंडमध्ये काढून, तिथलं नागरिकत्व घेऊन, मग ती ऑस्ट्रेलियाला ॲडलेडमध्ये स्थायिक झाली होती. तिला सल्ला द्यायची भारी हौस. इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियाला कसं जावं, यावर ती कुणी न विचारता तासभर बोलायची, कारण तिच्या तिकडच्या मैत्रिणी तिला सतत तेच विचारत असत.

"नुसतं ऊन बघून जाऊ नका म्हणते मी त्यांना," ती सांगायची. "हिवाळ्यात घरं आतून गार पडतात इकडे. शाळा जानेवारीच्या शेवटी सुरू होते, मधेच गेलात तर पोरांचं वर्ष हेलपाटतं. आधी नुसते येऊन राहा, भाजी आणा, बसने फिरा, मग सामान हलवा. आणि मागे आईवडील असतील तर नीट विचार करा. निरोप आला तरी पोचायला आख्खा दिवस जातो." मग आवाज बदलून म्हणायची, "राजेश, तुम्ही ऐकताय ना? पंचेचाळिशीच्या आत निघा. नंतर इकडचं दार तुमच्यासाठी बंद."

"हो ताई," राजेश म्हणायचा, "एकदा इथली तारीख सरकू दे."

तो आळशी नव्हता, मित्रांनो. तो आशाळभूत होता, आणि आशा माणसाला आळसापेक्षा जास्त बसवून ठेवते. इतकी वर्षं रांगेत उभं राहिल्यावर रांग सोडवत नाही. सोडली आणि दुसऱ्याच दिवशी नंबर लागला तर, ही भीती. अशी चार-पाच वर्षं गेली.

मग आश्लेषा अठरा वर्षांची झाली. तिने नर्सिंगला प्रवेश घेतला, घरूनच कॉलेजला जायची. त्या सुमारास राजेशला वकिलाने आठवण करून दिली, की मुलगी एकवीस वर्षांची झाली की वडिलांच्या व्हिसावर राहू शकणार नाही. तिला स्वतःचा व्हिसा काढावा लागेल, नाहीतर देश सोडावा लागेल. हे राजेशला माहीत होतं. सुवर्णालाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दारात येऊन उभं राहणं वेगळं. त्या दिवशी सुवर्णाने मला दोनदा पाणी घातलं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"ती तीन वर्षांची होती आपण आलो तेव्हा," ती राजेशला म्हणाली. "तिला कुठे पाठवायचं? पुण्यात ती कुणाला ओळखते?"

नीलाताईला फोन गेला. ती म्हणाली, शिकत असलेली मुलगी आईवडिलांवर अवलंबून असेल तर ऑस्ट्रेलियात तिलाही बरोबर धरतात, तुम्ही सगळे एकत्र जाऊ शकता. सुवर्णाने तेवढंच ऐकलं. एकत्र. त्या दिवसापासून त्या घरात दुसरा विषय नव्हता.

राजेशने शिक्षणाची आणि कामाची प्रमाणपत्रं गोळा केली. त्याला इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागली. नीलाताईला ब्रिटिश पासपोर्टमुळे ती माफ होती. राजेश मात्र पंधरा वर्षं अमेरिकेत इंग्रजीत भांडून पुन्हा विद्यार्थी झाला. माझ्या शेजारी बसून तो परीक्षेतल्या चित्राचं वर्णन मोठ्याने म्हणायचा आणि आश्लेषा घड्याळ लावून ऐकायची.

"बाबा, यू आर गोइंग टू फास्ट. स्लो डाउन."

"अगं, मीटिंगमध्ये असंच बोलतो मी."

"दॅट एक्सप्लेन्स अ लॉट."

तिघंही हसायची. मला तो हिवाळा आठवतो तो या हसण्याने. सुवर्णाने स्वतः अर्ज करावा असंही एकदा निघालं होतं, पण तिथे मागच्या कामाचे गुण धरतात आणि तिच्या कामाची सगळी वर्षं या खिडकीशी गेली होती. तेव्हा सगळी भिस्त राजेशवर, आणि राजेशचे गुण काठावरचे, कारण वय वाढलं की गुण उतरतात.

अर्ज गेला त्या रविवारी राजेशने नीलाताईला सांगितलं, "झालं ताई. पंचेचाळिशीच्या आत भरला."

ती म्हणाली, "राजेश, भरल्याचा दिवस धरत नाहीत. गुण बघून इकडचं सरकार व्हिसासाठी बोलावणं पाठवतं, ते येईल त्या दिवशीचं वय धरतात. तुमचा वाढदिवस कधी?"

आता हे जरा समजावून सांगतो, कारण अशी चूक आपल्याच माणसांच्या वाट्याला येते. राजेशचा जन्म दिवाळीतला, बार्शीजवळच्या एका गावातला. शाळेत घालायला गेले तेव्हा वय थोडं कमी भरत होतं. गुरुजी म्हणाले, कशाला वर्ष वाया घालवता, एक जून लिहू. वडिलांनी मान डोलावली. त्याच्या वर्गात निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचाच होता. तीच तारीख दाखल्यावर, तीच पासपोर्टवर. घरात त्याची गंमत होती. आश्लेषा लहानपणापासून बाबांचे दोन वाढदिवस करायची, एक खरा आणि एक कागदाचा. कागदाच्या वाढदिवसाला ती कागदाचाच केक करून द्यायची.

"एक जून," राजेश म्हणाला.

"म्हणजे एक जूनच्या आत बोलावणं यायला हवं," नीलाताई म्हणाली. "आणि सुवर्णा, तुझा स्वभाव मला माहीत आहे. बोलावणं हातात पडेपर्यंत घरातला एक चमचासुद्धा कुणाला देऊ नकोस."

पण सुवर्णाला थांबवेना. तयारी केली की गोष्ट होते, असा तिचा भाबडा हिशेब. परातीचा जोड गेला, देवघराचा चौरंग गेला, पुस्तकं गेली. आणि सप्टेंबरात माझी पाळी आली.

दोन गल्ल्या सोडून सुलेखा राहायची. मूळची नागपूरची, गोड स्वभावाची, इथली नागरिक होऊन बरीच वर्षं झालेली. ती उन्हाळ्यातच म्हणून गेली होती, "जाताना कढीपत्ता मला हं, यार." सुवर्णाने विचार केला तो शहाणपणाचाच होता. बोलावणं हिवाळ्यात आलं आणि वसंतात निघायचं ठरलं, तर मला मधल्या कडाक्यात गाडीतून नेता येणार नाही. ऑस्ट्रेलियात तर मला नेताच येत नाही, तिथे मातीचा कणही आणू देत नाहीत. मग ऊन आहे तोवरच दिलेला बरा.

आश्लेषा चिडली. "आई, वी आर नॉट इव्हन गोइंग यट. त्याला कशाला देतेस?"

"थंडीत हलवलं तर मरेल तो."

"अँड इफ वी डोन्ट गो?"

सुवर्णाने माझ्या कुंडीला हळदकुंकू लावलं आणि राजेशला गाडी काढायला सांगितली. मला ओरडता येत नाही. आलं असतं तरी त्या दिवशी मी तिच्याकडे बघून गप्पच राहिलो असतो. ती इतक्या आशेने मला देत होती, की माझं जाणं हीच जणू त्यांच्या प्रवासाची पहिली पायरी होती.

सुलेखाच्या घराबद्दल वाईट बोलणार नाही. घर मोठं होतं, माणसं चांगली होती. पण तिने मला ठेवलं ते शोभेसाठी, जिन्याखालच्या कोपऱ्यात, आणि तिथे जमिनीतल्या झरोक्यातून घर तापवायची कोरडी हवा सरळ माझ्या अंगावर यायची. सुरुवातीला तिचा नवरा राजीव आल्यागेल्याला मला दाखवायचा. मग कौतुक ओसरलं. डिसेंबरात ती दोघं महिनाभर नागपूरला गेली. माझी पानं आधी पिवळी झाली, मग गळाली. मी काठी होऊन उभा राहिलो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवर्णा आली. ती बायकांत बसली, पण तिची नजर मला शोधत होती. मी दिसल्यावर तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगवत नाही. ती उठून आली, पाणी प्यायला दिलेला पेला तिच्या हातात होता. तो तिने हळूच माझ्या मुळाशी ओतला.

"सुलेखा, इथे गरम हवा लागते गं त्याला," ती शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाली.

"अगं हो का? मला काही कळतच नाही यार यातलं. राजीव, उचला बरं तो."

मला खिडकीशी नेलं. सुवर्णा मला परत मागू शकली असती. बोलावणं अजून आलं नव्हतं, तिची दक्षिणेची खिडकी रिकामी होती. पण दिलेलं परत मागायचं नसतं, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. आणि मला परत नेणं म्हणजे आपण जाणार नाही हे कबूल करणं, असंही तिला वाटलं असेल. वाण घेऊन ती घरी गेली. त्यानंतर ती बरेच दिवस तिथे आली नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. सुलेखा-राजीवच्या बोलण्यातून मला कळायचं, की बोलावणी सुटतात, पण ती जास्त गुणवाल्यांना आधी, राजेशच्या गुणांपर्यंत पोचत नाहीत. मे अखेरीस मला मागच्या अंगणात गवताच्या कडेला ठेवलं. माझ्या काठीला दोन-चार कोंब फुटले होते. आणि एक जूनला संध्याकाळी सुलेखाने त्या तिघांना जेवायला बोलावलं. तिला वाटलं, घरात एकटी बसून रडतील, त्यापेक्षा इथे येऊ देत. मी म्हटलं ना, माणसं चांगली होती.

राजीव आणि राजेश अंगणात माझ्याजवळ खुर्च्या टाकून बसले.

"मग? झाले पंचेचाळीस?" राजीवने विचारलं.

"कागदावर. खरे व्हायला अजून दिवाळी यायचीय."

"तसं कळव ना त्यांना."

"काय कळवू? गुरुजींनी घाई केली म्हणून?"

राजीव हसला. राजेश हसला नाही. तो खाली वाकून गवत खुडत राहिला. खुडता खुडता म्हणाला, "गुरुजींचं काय चुकलं यार. त्यांनी पाच महिने घेतले. मी पाच वर्षं घालवली."

आश्लेषा केक घेऊन आली. या वेळी खरा होता. "हॅपी पेपर बर्थडे, बाबा," ती म्हणाली, दर वर्षीसारखीच, पण आवाज बारीक. सुवर्णाने सुरी पुढे केली. कुणी गाणं म्हटलं नाही.

ऑगस्टमध्ये सुलेखा आणि राजीव चार दिवस फिरायला गेले आणि मला पाणी घालायचं काम सुवर्णाकडे आलं. ती आश्लेषाला घेऊन आली. किती महिन्यांनी तिच्या हातचं पाणी मिळालं होतं. तेवढ्यात आश्लेषा म्हणाली, "आई, मी जाऊ?"

"थांब, निघूच दोघी."

"नाही. ॲडलेडला. नीलामावशीकडे. स्टुडंट व्हिसावर. माझे क्रेडिट्स ट्रान्सफर होतात, आय चेक्ड. तिकडे नर्सेस हव्यात त्यांना."

"एकटी?"

"तुम्हाला येता येत नाही ना."

"मग इथेच घे स्टुडंट व्हिसा. इथे शीक."

"अँड देन? नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. लागली तर बाबांची लाइन. आई, मी बाबांना रोज बघते. आय कान्ट डू बाबाज लाइन."

सुवर्णा पाणी ओततच राहिली. कुंडी भरून वाहिली, तिच्या चपला भिजल्या, तरी झारी सरळ झाली नाही. ज्या मुलीला जवळ ठेवायचं म्हणून एवढा आटापिटा केला, तीच त्या वाटेने एकटी निघाली होती. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, मित्रांनो. आणि मुलीचं म्हणणंही मला खोटं वाटेना. कोवळं रोप दुसऱ्या मातीत लागतं. जून झाड उपटलं की बसत नाही.

कागदपत्रांत एक वर्ष गेलं. मी आणखी एक हिवाळा काढला, या वेळी खिडकीशी, आणि थोडी पानं धरून राहिलो. जुलै महिन्यात, निघायच्या दिवशी दुपारी, आश्लेषा आईबरोबर सुलेखाचा निरोप घ्यायला आली. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि गवत ओलं होतं. सुलेखाने तिच्या हातावर दही दिलं.

"काकू, कढीपत्त्याला भेटून येते," आश्लेषा म्हणाली आणि डेकच्या पायऱ्या उतरू लागली.

"आशू, थांब," सुवर्णा म्हणाली. "बूट घासून ठेवलेत मी. नीलाताईने बजावलंय, बुटांना माती लागलेली चालत नाही तिकडे. विमानतळावर बघतात."

आश्लेषा शेवटच्या पायरीवर बसली. तिने पांढरे बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी माझ्याकडे आली. चिखलात तिची पावलं रुतत होती. माझ्याजवळ उकिडवी बसून तिने माझं एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं. पाच वर्षांची असताना गाडीत माझ्याशी सतत बोलणारी हीच मुलगी.

"खिशात नको हं ठेवूस," सुवर्णा वरून म्हणाली.

"आय नो, आई."

तिने ते पान माझ्याच कुंडीत टाकलं आणि परत जाऊन पायरीवर बसली. सुवर्णा ओला कपडा घेऊन आली, खालच्या पायरीशी गुडघे टेकले, आणि मुलीचा एक पाय मांडीवर घेऊन तळवा पुसायला लागली. मग दुसरा. मग बोटांच्या मधली माती. याच देशाच्या मातीत ती मुलगी खेळून मोठी झाली होती, आणि आई ती माती कणाकणाने काढत होती.

"आई, इट्स ओके. झालं. क्लीन आहे."

"थांब," सुवर्णा म्हणाली. "टाचेला अजून आहे."

तिथे काहीच नव्हतं. मला दिसत होतं. आश्लेषालाही ठाऊक होतं. पण तिने पाय काढून घेतला नाही. सुलेखा दारात उभी राहून पदर नसताना पदर शोधत होती. शेवटी राजेशने गाडीतून हाक मारली, तेव्हा सुवर्णाने स्वतःच्या हाताने तिला मोजे चढवले.

आता सुवर्णा दर आठवड्याला इथे येते. माझी पानं उलटून बघते, ताक घालते. परवा सुलेखा तिला म्हणाली, "अगं, घेऊन जा ना आता हा तुझ्याकडे. तुझाच आहे."

"असू दे गं," सुवर्णा म्हणाली. "घरी नेला तर मी कुठे जाऊ?"

मित्रांनो, मी एक झाड आहे, मला फार कळतं असं नाही. पण तुमच्या घरातलं कुणी दुसऱ्या देशी जायचं म्हणत असेल आणि वर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणत असेल, तर त्यांना माझी ही हकिकत ऐकवा. जायचं तर वेळेवर जावं, नाहीतर आहे तिथे खुशाल राहावं. अधल्यामधल्या उंबऱ्यावर पोरं मोठी होतात आणि निघून जातात. आणि अशी मागे राहिलेली माणसं तुमच्या गल्लीत असतील, तर त्यांच्याकडे जात जा. पाणी मागायला जा, चार काड्या कढीपत्ता मागायला जा. काही नको असलं तरी जा.